तिसरी उंची

आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निखिलने मध्यंतरी एक जुनी पिकअप घेतली. शनिवार-रविवारी वांगणीच्या पलीकडे डोंगरात जाऊन चिखल तुडवायचा, एवढ्याचसाठी. ज्या चिखलातून बाहेर पडायला आमची हयात गेली त्यात मुद्दाम रुतायला आता लोक जातात. जाऊ देत बापडे. तर ती गाडी किती उंच करायची यावर तो आणि त्याचे मित्र आठवडाभर पार्किंगमध्ये वाद घालत होते. दोन इंच की चार इंच, स्प्रिंगा बदलायच्या की नुसते ठोकळे घालायचे. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. न राहवून म्हटलं, "आधी तुझ्या आईला चढवून बघ." तो हसला आणि म्हणाला, "मावशी, आई कशाला येतेय त्यात?" मी उरलेले कपडे बादलीत तसेच ठेवले आणि आत येऊन दार लावून घेतलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण आमच्याही घरी एकदा गाडी उंच करायची ठरली होती, आणि ती किती करायची हे ठरवायला मला बरोबर नेलं होतं. ते आता लिहूनच टाकते.

वांगणी स्टेशनपासून बरंच आत, नाला ओलांडून गेलं की आमचं घर लागायचं. घर म्हणजे वीटभट्टीचंच एक टोक. भट्टी पेटली की भिंतीला टेकायची सोय नसे, पाठ काळी व्हायची, आणि भाताच्या पेजेवर राखेची साय धरायची. ती आम्ही चमच्याने बाजूला सारून पीत असू. पहाटेपासून ओला चिखल साच्यात आपटल्याचा थप थप आवाज यायचा. आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापायची तीही त्याच तालात, आणि बरोबर सुकट घालून केलेलं वांगं नाहीतर भाजलेला बोंबील. आई उंचीपुरी, हाडाने मजबूत बाई. डोक्यावर विटांची चळत घेऊन चालली तरी तिची मान हलत नसे. बाबा बारीक, चिवट आणि अबोल. ते कधी ओरडले नाहीत, आमच्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही, दारूला शिवले नाहीत. आजूबाजूचे लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे केलं ते आवाज न करता केलं, एवढंच.

माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओत गेला. गेला म्हणजे होता जागेवर, पण माझ्या काही उपयोगाचा नव्हता. सपाटीवर मी काठी घेऊन बरी चालायचे. नाल्यातल्या दगडगोट्यांत मात्र माझं काही चालत नसे. शाळेत असताना कुणा बाईंनी बाबांना सांगितलं होतं की हिला टायपिंग शिकवा, अपंगांच्या राखीव जागेवर सरकारी नोकरी लागेल. बाबांनी ते मनावर घेतलं, कारण त्यात त्यांना वेगळं काही करावं लागणार नव्हतं. विटांची गाडी घेऊन ते रोज बदलापूर, अंबरनाथ करत उल्हासनगरपर्यंत जातच होते. मग मीही जाऊ लागले. गाडी म्हणजे लिलावात घेतलेली जुनी जीप, मागचं कापून तिला लोखंडी हौदा बसवलेला. पुढे बाबा, मध्ये दादा आणि दाराशी मी. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, बाबांचीच प्रत, फक्त हसऱ्या तोंडाची. दाराच्या वर एक दांडा होता. उजवा पाय आत टाकायचा, दांडा धरून अंग वर ओढायचं आणि मागून डावा पाय हाताने उचलून घ्यायचा. हे मला कुणी शिकवलं नाही आणि मी कुणाला हात लावू दिला नाही. त्या वयात मला दुसरं कशाचं काही वाटत नसे, पण गाडीत चढताना कुणी बघत असलं की मला आवडायचं.

उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या वर, आमचा क्लास होता. खालच्या शिवणयंत्रांची घरघर आणि वरच्या टाइपरायटरांचा खडखडाट यांत सरांचं बोलणं ऐकू येत नसे, पण त्यांना बोलायचंही नसे. माझी बोटं चांगली चालत होती. पाय नाही म्हणून देवाने बोटं दिली असं सर म्हणायचे, आणि मला तेव्हा ते कौतुक वाटायचं. परीक्षेचा अर्ज भरून झाला होता. ती परीक्षा पास झाले की मी त्या भट्टीतून सुटणार होते. अंबरनाथला नाहीतर ठाण्याला एखाद्या ऑफिसात पंख्याखाली बसायचं आणि भाड्याने खोली घ्यायची, यापलीकडे मी काही मागत नव्हते.

याच दिवसांत दादाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी बदलापूरची, मांजर्लीतली. तिच्या वडिलांचं बांधकामाच्या मालाचं दुकान होतं आणि आमच्या विटा रोज तिथंच उतरायच्या. विटा उतरेपर्यंत मी खाली उतरून त्यांच्या नळावर पाणी प्यायचे, तेवढ्यात मुलीच्या आईने मला चालताना पाहिलं. पुढे कुणाच्या तरी हळदीत तिने माझ्या आईला चारचौघींत विचारलं, असे पाय तुमच्या घराण्यात आणखी कुणाला आहेत का. आई त्या दिवशी घरी आली, लुगडं बदललं, लसूण सोलायला बसली आणि वर न बघता मला म्हणाली की उद्यापासून तिथं उतरू नको. मी उतरणं बंद केलं. तर ती बाई चहाचा कप घेऊन स्वतः गाडीपाशी आली. मी चहा पिऊन कप परत देईपर्यंत ती माझ्या पायाकडे बघत उभी राहिली, आणि कप घेताना म्हणाली, साखर बरोबर होती ना. असली माणसं जगात भरपूर असतात आणि ती पुष्कळ जगतात. ही बाई परवापरवापर्यंत होती.

गाडी उंच करायला कारण खरंच होतं. पावसाने नाल्याचा उतार खरवडून नेला होता आणि भरलेली गाडी उतरताना पोट दगडाला घासायचं. एकदा खालची तेलाची टाकी फुटता फुटता वाचली. तेव्हा बाबांनी ठरवलं की गाडी उचलून घ्यायची. उल्हासनगरला मोतीरामसेठ म्हणून एक सिंधी गॅरेजवाले होते, जाडजूड, कायम घामेजलेले, सगळ्यांना साईं म्हणणारे. खाणीच्या आणि भट्ट्यांच्या गाड्या त्यांच्याकडेच जायच्या. आम्ही गेलो तर त्यांनी आधी बाबांना बसवलं आणि हाताने दाखवत तीन रस्ते सांगितले. एक, आहेत त्या स्प्रिंगांना दोन-दोन जादा पाटे घालायचे; गाडी चार बोटं वर येईल, थोडी कडक होईल, पण विटांना काय फरक पडतो. दोन, पाट्यांना नवी कमान मारायची आणि त्यांच्या टोकाच्या लटकनपट्ट्या लांब घालायच्या. अर्धी वीत वर येईल आणि नाल्याला तेवढी पुरे. तीन, चाकांचा अख्खा दांडा पाट्यांच्या वरून काढून खाली घ्यायचा. मग गाडी वीतभर तरी चढेल, पण वळणावर डुलेल आणि स्टीअरिंगचं सगळं नव्याने करावं लागेल. तिसरा नाद करू नका, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

त्यांची एक पद्धत होती. कापाकापी करण्याआधी ते गाडी जॅकवर चढवून खाली ठोकळे द्यायचे, बरोबर तेवढ्या उंचीला आणायचे आणि त्या गाडीत रोज बसणाऱ्या प्रत्येकाला चढून बघायला लावायचे. एकदा काम झालं की लोक भांडायला येतात, म्हणून. त्या दिवशी मलाही आणलंय याचं मला कोण अप्रूप वाटलं होतं. बाबांनी सकाळी स्वतः सांगितलं होतं, चल, तूपण बघ चढून. मला वाटलं, माझा विचार करतायत.

पहिल्या उंचीला मी नेहमीसारखी चढले. मोतीरामसेठ म्हणाले, शाबास बेटा. मग त्यांनी गाडी अजून वर घेतली. आता पायाची जागा माझ्या कमरेच्या जवळ आली होती. मी काठी दादाकडे दिली, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि लोंबकळून उजवा पाय आत टाकला. एकदा घसरला. दुसऱ्यांदा बसला. दंडातून कळ गेली, तोंडातून आवाज आला, पण मी वर गेले आणि सीटवर बसून खाली सगळ्यांकडे पाहिलं. गॅरेजातले कामगार हातातलं टाकून बघत होते. दादा हसत होता. मोतीरामसेठनी रुमालाने तोंड पुसलं आणि बाबांना म्हणाले, "हो गया साईं. नालाही पार, बच्चीही पार. येहीच रखो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते गाडीखाली वाकून बघत होते. तसेच वाकलेले असताना म्हणाले, "तिसरीला बघू."

सेठनी सांगून पाहिलं की गरज नाही. बाबा म्हणाले, बघायला काय जातंय. मला खाली उतरवलं. गाडी आणखी वर गेली, ठोकळे बदलले. आता दांडाच मुळी हाताला लागत नव्हता, टाचा उंचावल्या तर बोटांची टोकं पोचायची, आणि टाचा उंचवायला मला एकच टाच होती. मी तरी उडी मारली. तीनदा, चारदा, किती ते आठवत नाही. शेवटी दाराच्या कडेवर हनुवटी आपटली आणि जीभ चावली गेली. बाबा बाजूला उभे राहून नीट बघत होते, जशी भट्टीतली वीट वाजवून बघायचे तसे.

"आता न्हाय चढत ना?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, नाही.

"मग ही ठेवा," ते सेठना म्हणाले.

मोतीरामसेठना आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "साईं, फिर बच्ची कैसे चढेगी?" आणि बाबा, खिशातून तंबाखूची पुडी काढत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "ती कुठं जातेय आता."

मी या प्रसंगावर आयुष्यभर विचार केलाय, आणि जे मला सगळ्यात जास्त लागतं ते त्यांचं वाक्य नाही. मधल्या उंचीला माझा पाय दुसऱ्यांदाही घसरला असता, तर बाबा तिथंच थांबले असते. त्यांना मी चढू न शकेन एवढीच उंची हवी होती, त्याहून वर कशाला जातील? आणि मग सेठनी सांगितलेली ती अर्धी वीत मी महिन्या-दोन महिन्यांत सरावाने जिंकली असती. मी माझं सगळं बळ लावलं, म्हणून गाडी माझ्या हाताबाहेर गेली. कामगारांसमोर मिरवायची हौस मला नडली. गाडी तिथंच सोडून निघताना बाबांनी आम्हाला कोपऱ्यावर डाळ-पकवान खाऊ घातलं. माझी जीभ फाटली होती, चटणी झोंबत होती, पण भूक लागली होती आणि मी सगळं खाल्लं. बाबांनी त्यांच्यातलं अर्धं पकवान माझ्या पानात टाकलं.

गाडी घरी आली ती खरोखर देखणी दिसत होती. आईने तिला ओवाळलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मोतीरामसेठनी, कुणी न सांगता, दाराखाली अडकवायचं दोन पायऱ्यांचं लोखंडी पायदान बनवून गाडीबरोबर पाठवलं होतं. बाबांनी ते गाडीला लावलं नाही. आईने चुलीमागे पाण्याच्या हंड्याखाली घेतलं. मी दादाला म्हटलं, सायकलवर मागे बसवून स्टेशनपर्यंत तरी सोड. तो म्हणाला, नाल्यातून डबल सीट जमत नाही, आणि मग हसत खरं काय ते बोलला, की सासरची माणसं त्याच लाइनीवर असतात गो, लग्न होऊ दे. रोज सकाळी गाडी सुरू व्हायची आणि मी ओट्यावर तांदूळ निवडत बसायचे. इथे वाचणाऱ्याला वाटेल की एवढी उंच, डुलणारी गाडी एक दिवस उलटली असेल. नाही उलटली. मोतीरामसेठनी काम चोख केलं होतं. ती गाडी नाल्यातून बोटीसारखी पार व्हायची आणि पुढे कितीतरी वर्षं चालली. मी वाट पाहिली नाही असं मात्र नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी हंडा रिकामा केला, पायदान ओढत बाहेर नेलं आणि गाडीच्या दाराखाली हुकात अडकवलं. नवीन परकर-पोलकं घातलं होतं, केसांना तेल लावलं होतं. दोन पायऱ्या चढले, सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं. आई दारात उभी राहून बघत होती. बाबा आणि दादा आले. बाबांनी मला पाहिलं, पायदान पाहिलं. मी म्हटलं, "बाबा, आज परीक्षा आहे." ते म्हणाले, "ठाव हाय." मग वाकून त्यांनी पायदान हुकातून काढलं, हाताने धूळ झटकली आणि भिंतीशी नीट टेकवून ठेवलं. मला वाटलं, रस्त्यात पडू नये म्हणून. गाडी सुरू झाली आणि नाल्याकडे न वळता मागच्या टेकडीच्या चढाला लागली.

तिथं भट्टीची माती काढायची खाण होती. बाबांनी गाडी उन्हात लावली, दोघे उतरले, हौद्यात माती भरू लागले. मी पुन्हा म्हटलं, परीक्षा सुटेल. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा बाबा खिडकीपाशी आले. चेहऱ्यावर राग नव्हता. "बसायचा होता ना?" ते म्हणाले. "मग बस." उडी मारता आली असती. पण उडी मारून जायचं कुठं होतं? खाली दगड, पुढे टेकडी, पलीकडे नाला. दुपारी ते दोघे करवंदीच्या जाळीच्या सावलीत भाकरी खायला बसले. दादा माझ्यासाठी भाकरीवर बोंबील ठेवून घेऊन आला आणि हात उंच करून खिडकीतून दिला. "झाली हौस?" त्याने विचारलं, आणि तेही हसतच. सीटचं रेक्झिन तापून मांड्यांना चिकटत होतं. उल्हासनगरला आता पहिली बॅच बसली असेल, आता दुसरी, असं मी सावली बघून मोजत होते. पाणी मी जपून प्यायले, तरी व्हायचं ते झालंच. बराच वेळ धरून ठेवलं आणि मग धरवलं नाही. ओल्या परकरात मी संध्याकाळपर्यंत बसून राहिले. येताना बाबा आणि दादा शेजारी बसले होते, दोघांना वास आला असणार.

घरापुढे गाडी थांबली. बाबा उतरून हातपाय धुवायला गेले, दादा त्यांच्या मागे. मी तशीच बसले होते. मग आई आली. तिने दार उघडलं, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "ये." तिला पायदान लागलं नाही. लहानपणानंतर पहिल्यांदाच तिने मला उचलून घेतलं, ओल्या परकरासकट छातीशी धरलं, आणि मला रडू फुटलं. घरात एक तरी माणूस आपलं आहे असं वाटलं मला. मी तिच्या गळ्यात हात टाकले आणि बाबांना तोंडात येईल ते बोलू लागले. तिने सगळं ऐकून घेतलं. माझी पाठ थोपटत राहिली.

"बापाला बोलू नको गो," ती मग माझ्या कानाशी म्हणाली. "गाडी उंच करा, असा मीच सांगितला होता त्यांना."

मी म्हटलं, दादाच्या लग्नासाठी?

"लग्न काय, झालाच असता. तू पास झाली असतीस आणि गेली असतीस. मग माझ्याजवळ कोण ऱ्हाणार?"

दिवसभर बसून माझा धड पायही बधिर झाला होता. खाली ठेवलं असतं तर मी पडले असते. म्हणून मी तिच्या गळ्यातले हात काढले नाहीत, आणि ती मला तशीच घेऊन घरात गेली.